कथा कुठं अडते? : नव्या लिहिणाऱ्या दोस्तांसाठी थोडा इतिहास

गेल्या पावसाळ्यात एक पोरगं माझ्याकडं कथांचं बाड घेऊन आलं. एकूण ११ कथा. शिबिरांत राबणारं, मोर्चात पुढं असणारं पोरगं. म्हणालं, ‘सर, चुका काढा आणि कुठं छापून येतील तेवढं सांगा.’ मी रात्रभर बसून वाचल्या. ११ पैकी ९ कथांच्या शेवटच्या पानावर कुणीतरी उभं राहून भाषण करत होतं. एकीत नायक, एकीत मास्तर, एकीत तर मरायला टेकलेली म्हातारी. तिला धड श्वास घेता येत नव्हता, पण ‘शोषणव्यवस्था’ हा शब्द तिनं अगदी स्वच्छ उच्चारला होता.

मी हसलो नाही. तशी कथा मीही लिहिलीय, छापलीय, तिच्यावर टाळ्याही घेतल्यात. त्या कथेचं पुढं सांगतोच. आधी थोडा इतिहास. कारण नव्या लिहिणाऱ्याच्या चुका त्याच्या एकट्याच्या नसतात. आधीच्यांनी कुठं छापलं, कुणासाठी छापलं, कुणाच्या पैशानं छापलं, त्यातून त्या येतात. आपली कथा कशी लिहिली जाते आणि ती कशी छापली जाते, या दोन गोष्टी वेगळ्या काढून बोलता येत नाहीत. जो कुणी बोलतो तो आपल्याला नुसता उपदेश पाजतो.

आपल्यात छापण्याची लढाई आधी सुरू झाली, कथा नंतर आली. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला. शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले म्हणून निघाला. तो निघणार आहे अशी साधी जाहिरात, तीही पैसे घेऊन छापा म्हटलं, तर ‘केसरी’नं छापली नाही. बाबासाहेबांनीच हे पुढं लिहून ठेवलंय. ‘मूकनायक’ १९२३ पर्यंतच टिकला. मग ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याला भरून काढावे लागले. वर्गणीदार थोडे, वर्गणी देणारे त्याहून थोडे. पत्र कर्जात गेलं आणि १९२९ त बंद पडलं. २४ नोव्हेंबर १९३० ला ‘जनता’ निघालं आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला त्याचंच ‘प्रबुद्ध भारत’ झालं. ज्यांना वाटतं की आपलं पुस्तक खपत नाही म्हणजे आपला अपमान झाला, त्यांनी हा हिशेब एकदा वहीत उतरवून घ्यावा.

या पत्रांत कथा आली ती पोटभाडेकरू म्हणून. अग्रलेख, परिषदांची हकीकत, गावोगावच्या जुलमाच्या बातम्या, थकलेल्या वर्गणीची आठवण, आणि उरल्या जागेत कविता नाहीतर कथा. वाचणारा कोण? वस्तीत एखादा शिकलेला. तो कंदिलाजवळ बसून मोठ्यानं वाचणार आणि बाकीची वस्ती ऐकणार. म्हणजे ही कथा कानांसाठी होती. तिकडं भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरत होता. माणसं उठून घरी जायच्या आत त्यांच्या पदराला काहीतरी बांधून द्यायचं, हा जलशाचा धर्म. कथेनंही तोच उचलला. बंधुमाधवांच्या कथा ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’मधून यायच्या. त्यांची ‘विषारी भाकरी’ ही कथा आठवा. पाटलाच्या खळ्यावर राबून म्हातारा शिळ्या, घाण झालेल्या भाकरीचे तुकडे घरी आणतो, ते खाऊन मरतो, आणि मरता मरता नातवाला या भाकरीबद्दल बजावून जातो.

माझ्या लक्षात आलं की त्या पोराच्या कथेतली म्हातारी ही याच म्हाताऱ्याची नात. पण फरक बघा. बंधुमाधवांच्या म्हाताऱ्याचं बोलणं त्या काळी वस्तीनं पहिल्यांदा ऐकलं. बलुत्याची भाकरी सोडावी की नाही, हा घराघरांत रोज चालू असलेला झगडा होता. भाकरी सोडली तर उद्या चूल कशी पेटणार, हा खरा प्रश्न होता. तेव्हा ते बोलणं म्हणजे कथेतली घटनाच होती. आज तेच वाक्य आपण बंद सभागृहात, आपल्याच माणसांपुढं म्हणतो. ऐकणाऱ्याला ते आधीच पाठ असतं. त्याच्यावर आता कुणी भाकरी सोडत नाही.

दुसरा रस्ता होता शहरातल्या मासिकांचा आणि प्रकाशकांचा. तिथलं राज्य वेगळ्या लोकांचं. १९३१ साली ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ निघालं आणि गोष्ट कशी बेतावी याचं तंत्र घोकणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या. आमच्यातली पोरंही त्या वळणानं लिहायला गेली. उकिरड्याशेजारी राहणारा पोरगा वहीत लिहायचा, ‘संध्येची रम्य लाली पश्चिम क्षितिजावर पसरली होती.’ अरे, तुझ्या क्षितिजावर पाटलाचा वाडा आहे, त्याच्या मागं सूर्य बुडतो, ते लिही की! पण ते लिहायला धीर लागतो. उसनी भाषा ही उसन्या कोटासारखी असते. लग्नापुरती शोभते, काखेत दाटते, आणि परत द्यावी लागते.

या दोन्ही रस्त्यांच्या मधून वाट काढणारी माणसं १९५८ च्या आसपास पुढं आली. २ मार्च १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. उद्घाटन अण्णा भाऊ साठ्यांनी केलं. शाळेत जवळजवळ न गेलेला माणूस. १९५९ त त्यांची ‘फकिरा’ आली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. १९६१ त तिला राज्य पुरस्कार मिळाला. १९५९ तच शंकरराव खरातांचं ‘बारा बलुतेदार’ आलं. खरातांनी एकेका बलुतेदाराच्या हातातलं काम दाखवलं आणि कामातून माणूस दाखवला. अण्णा भाऊंचं मात्र दुसरंही ऐका. पुस्तकं खपत होती, परक्या भाषांत जात होती, आणि लेखकाची कित्येक वर्षं घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत गेली. १८ जुलै १९६९ ला ते हलाखीतच गेले. तेव्हा कथा लिहिली म्हणजे काम संपलं असं समजू नका. हक्क कुणाच्या नावावर, किती प्रती, पुढच्या आवृत्तीचं काय, हे कागदावर विचारा. विचारायला लाजणं हाही गुलामीचाच एक उरलेला तुकडा आहे.

मग १९६३. बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’. रेल्वेच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस. त्यांच्या कथेतला नायक निव्वळ शूर नाही. तो जात लपवून खोली घेतो, म्हणजे खोटं बोलतो, घाबरतो, आणि शेवटी मार खातो. त्यांच्या ‘विद्रोह’मध्ये शिकू पाहणाऱ्या पोराच्या वाटेत खुद्द बाप उभा राहतो, कारण घाण काढायची का होईना, नोकरी हातची जाऊ नये म्हणून. ‘आई’मधली तरणी विधवा आई देव्हाऱ्यातली नाही, तिला स्वतःचं शरीर आहे, आणि पोराला ते सोसत नाही. बागुलांनी एक गोष्ट ओळखली होती. जातीनं माणसाला बाहेरून मारलं एवढंच लिहिलं तर अर्धंच लिहून होतं. ती माणसाच्या आत शिरून काय करते, त्याला कुणाशी खोटं बोलायला लावते, हे लिहिलं की पुरं होतं.

वामन होवाळांची ‘मजल्याचं घर’ ही कथाही वाचा. मुंबईत राबून गावी परतलेला बयाजी मजल्याचं घर बांधायला निघतो. पाटलाला ते खपत नाही. बयाजी बाहेरून साधं दिसेल असं घर बांधतो आणि आतून मजला काढतो. घर जळतं, म्हातारा त्यात जातो. शेवटी पोरं काय करतात? भाषण करत नाहीत. नवा पाया खणायला घेतात, मजल्याच्याच घराचा. त्या कुदळीच्या आवाजात जे आहे ते चार पानांच्या भाषणात बसलं नसतं.

आता औरंगाबाद. बाबासाहेबांनी १९५० त काढलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या आवारातून एक पिढी लिहिती झाली. म. ना. वानखेडे होते, गंगाधर पानतावणे होते. १९६७-६८ च्या सुमारास ‘अस्मिता’ आणि तिचं पुढं ‘अस्मितादर्श’ झालं. १९६९ त ‘मराठवाडा’च्या दिवाळी अंकात दलित साहित्यावर मोठी चर्चा छापून आली. मुंबईकडं लघुअनियतकालिकांचा धडाका चालू होता. राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, अर्जुन डांगळे ही नावं तेव्हाची. १९७२ त दलित पँथर, १९७२ तच ‘गोलपिठा’.

या अंकांतले कितीतरी सायक्लोस्टाईल होते. नव्या पोरांना त्या मशीनची गंमत माहीत नाही म्हणून सांगतो. टाईपरायटरची रिबन बाजूला करायची आणि मेणकागदावर अक्षरं नुसती ठोकायची, म्हणजे कागदाला भोकं पडायची. जोरात ठोकलं तर गोल अक्षराचा पोटातला तुकडाच गळून पडायचा. चूक झाली तर वरून पातळ वार्निश लावायचं, फुंकर मारून वाळवायचं आणि पुन्हा ठोकायचं. मग रुळाला शाई देऊन हातानं दांडा फिरवायचा. काहीशे प्रती निघाल्या की स्टेन्सिल ढिला पडायचा, अक्षर फिकं व्हायचं. रात्रभर हे केलं की सकाळी हाताची शाई साबणानं जायची नाही, रॉकेलनं जायची.

माझं मत असं की आपल्या साहित्याचं वळण या मशीननंही ठरवलं. कविता एका स्टेन्सिलवर मावते. २० पानांच्या कथेला २० स्टेन्सिल लागतात, कागदाची रिमं लागतात, आणि वर्गणी गोळा झालेली असते पाच पानांची. संपादक म्हणायचा, कथा झकास आहे, दोन पानांत आण. मग काय जायचं? पावसाचं वर्णन जायचं, घर जायचं, माणसाचा विचित्रपणा जायचा, त्याचं हसणं जायचं. राहायचा तो जुलूम आणि त्याच्यावरचं भाषण. नाइलाजानं झालेल्या काटछाटीलाच आपण पुढं शैली समजायला लागलो.

तिसरं वळण आत्मकथनांचं. १९७४ त ‘ग्रंथाली’ ही वाचकांची चळवळ सुरू झाली. वाचकांनीच सभासद होऊन पुस्तकाला आधार द्यायचा, ही तिची कल्पना. १९७८ त तिथून दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, १९८० त लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’. मधे १९७९ त प्र. ई. सोनकांबळ्यांचं ‘आठवणींचे पक्षी’, पुढं १९८४ त शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘अक्करमाशी’, १९८७ त लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’. मराठी साहित्याला हादरा बसला, आणि तो बसायलाच हवा होता. या पुस्तकांचं मोल मी तसूभरही कमी करत नाही. पण नव्या पोरांवर त्याचा एक वेगळाच परिणाम झाला. लिहायचं म्हणजे आपलं दुःख सांगायचं, असं त्यांना वाटलं. शहरातला वाचकही विचारू लागला, ‘तुमचं आत्मकथन कधी?’ जणू आमच्याकडं कल्पना नसतेच, असते ती फक्त जखम. २५ वर्षांचं पोरगं आपलं सगळं बालपण एका पुस्तकात ओतून मोकळं झालं. शेतकरी पेरायचं बियाणंच दळून खातो तसं झालं. पुढच्या हंगामाला काय पेरणार?

बायांच्या लेखनाची गोष्ट तर आपल्याला खाली मान घालायला लावणारी. फलटणच्या बेबीताई कांबळ्यांनी ‘जिणं आमुचं’ दुकानात बसून, घरच्यांपासून वह्या लपवून लिहिलं. वर्षानुवर्षं ते बाड दडलेलं होतं. १९८२ त ते मासिकातून क्रमशः आलं, १९८६ त पुस्तक झालं. त्यांच्या लेखनाच्या आड पहिल्यांदा कोण आलं? प्रस्थापित संपादक नाही. घर आलं. आणि आपल्या कथेत बाई कशी येते? एकतर त्यागमूर्ती आई, नाहीतर अत्याचार झालेली बहीण. तिसरी बाई नाहीच. १९८८ त ऊर्मिला पवारांचा ‘सहावं बोट’ आला तेव्हा हे जरा हललं. त्यांच्या ‘कवच’मध्ये बाजारात आंबे विकणारी आई आहे. लोक तिच्याशी वंगाळ बोलतील म्हणून पोरगा शरमेनं मरतोय, आणि ती मात्र आपल्या जिभेच्या जोरावर गिऱ्हाइकाला गप्प करते. अशा बाया आपल्या वस्तीत घरटी एक आहे. आपल्याच वहीत त्या येत नाहीत.

आता माझी कथा सांगतो.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावातली वस्तीही जळाली. मी तेव्हा वसतिगृहात शिकत होतो. गावी पोचलो तेव्हा राखेतून धूर निघत होता. माझ्या मावशीचं छप्पर गेलं होतं. परत आलो आणि एका रात्रीत कथा लिहिली. मावशी पेटत्या घरात शिरते, बाबासाहेबांचा फोटो छातीशी धरून बाहेर येते, आणि जमलेल्या गावापुढं दोन पानं बोलते. आमच्याच एका अंकात ती छापून आली. वसतिगृहात वाचली तेव्हा पोरांनी उभं राहून घोषणा दिल्या. मला वाटलं, झालो लेखक.

दिवाळीच्या सुट्टीत मी तो अंक मावशीला वाचून दाखवला. चिमणीच्या उजेडात ती गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होती. संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आरं लेकरा, म्या आधी शेळी काढली. गाभण व्हती. तिला सोडूस्तवर आढं खाली आलं. फोटू जळाला. तवापून मह्या जिवाला लागलंय ते. तू कागदावर फोटू बाहीर काढलास, बरं केलंस. पर म्या नाय काढला रं.’

दोस्तांनो, खरी कथा ती होती. एका बाईनं जिवंत शेळी वाचवली आणि त्याबद्दल ती स्वतःला अपराधी समजत होती. जाळणाऱ्यांनी छप्पर जाळलं, वर तिच्याच मनात तिचा गुन्हा दाखल करून गेले. हे सगळं माझ्या समोर बसलेलं होतं आणि मी त्याच्यावर भाषणाचा बोळा फिरवला होता.

पाच-सहा वर्षांनी मी ती कथा पुन्हा लिहिली. शेळीसकट, जळालेल्या फोटोसकट. आपल्याच एका अंकाकडं पाठवली. संपादक चांगला कार्यकर्ता होता. म्हणाला, ‘फोटो जळाला असं कसं लिहितोस? विरोधकांच्या हातात कोलीत देतोस. आणि मावशी शेळीमागं धावते, लोक हसतील.’ मग शहरातल्या एका नावाजलेल्या मासिकाकडं पाठवली. तिथून पत्र आलं. शेळीचा भाग हृद्य आहे, म्हातारी बोलते ती बोलीही गोड आहे. मात्र आग कुणी लावली हा तपशील गाळावा, त्यानं कथेचा कलात्मक तोल जातो.

एका दारात शेळी नको होती, दुसऱ्या दारात आग लावणारे नको होते. आपल्या कथेच्या इतिहासातले जे दोन रस्ते वर सांगितले, ते मला असे एकाच वर्षात भेटले. एक म्हणतो भाषण दे, दुसरा म्हणतो फक्त रड. नवा लिहिणारा या दोघांच्या मधे सापडतो आणि ज्याचं दार आधी उघडेल त्याच्यासारखं लिहायला लागतो. सगळ्यात मोठा खड्डा हाच. बाकीचे लहान.

इथं कुणीतरी मला बाबासाहेबांचा स्वल्पविराम ऐकवेल. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं भाषणातला काही भाग गाळायला सांगितला तेव्हा बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवलं. परिषद रद्द झाली. त्यांनी भाषण स्वतः छापलं आणि १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. तो दाखला खराच आहे. मीही आग लावणारे गाळले नाहीत ते त्याच बळावर. पण आता ज्याला त्याला हा स्वल्पविराम सापडलाय. शुद्धलेखन सुधार म्हटलं की स्वल्पविराम, तीन पानं कमी कर म्हटलं की स्वल्पविराम! अरे, ते सत्य सोडणार नाही म्हणून होतं, आळस सोडणार नाही म्हणून नव्हतं. त्याच बाबासाहेबांनी ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेचा टाईप केलेला मजकूर पुन्हा तपासायला उशाशी मागून घेतला होता. आयुष्याच्या शेवटच्या रात्री! आणि आपण पहिला खर्डा छापखान्यात नेतो. तेव्हा कुणी म्हणालं बदल, तर आधी स्वतःला विचारा : हा माझं सत्य काढायला सांगतोय का माझा कचरा? सत्य असेल तर नाही म्हणा. कचरा असेल तर आभार माना.

आता छापण्याचं. आज सायक्लोस्टाईलची रात्र जागायची गरज नाही. पैसे दिले की पुस्तक होतं. तोच नवा खड्डा आहे. लेखकाकडूनच छपाईचे पैसे घ्यायचे, प्रती त्याच्या घरी टाकायच्या आणि पुस्तक प्रकाशित झालं म्हणायचं, असा धंदा करणारे आपल्यातही आहेत. मीही ती शेळीची कथा आणि आणखी सहा कथा स्वतःच्या पैशानं छापल्या. ३०० प्रती. प्रकाशन समारंभ झाला, हार झाले, आणि नंतर ते गठ्ठे माझ्या खाटेखाली दोन वर्षं पडून होते. बायको म्हणायची, ‘तुमच्या कथांमुळं झाडू मारता येईना.’ एका पुढाऱ्याची प्रस्तावना घेतली होती. त्यात त्यांनी माझ्या कथांबद्दल दोन ओळी आणि स्वतःच्या कार्याबद्दल पाच पानं लिहिली होती.

ते गठ्ठे हलले ते कुठं? ६ डिसेंबरला दादरला. चैत्यभूमीला येणारी माणसं शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या दुकानांपुढं किती वेळ उभी राहतात ते बघा. अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बघा. पिशवीत भाकरी आणि काखेत पुस्तकं. एवढा मोठा वाचक मराठीत दुसऱ्या कुठल्या लेखकाला रस्त्यावर उतरून भेटत नाही. मी तिथं सतरंजी टाकून बसलो. एक बाई पुस्तक उलटसुलट करून म्हणाली, ‘ह्यात आमच्यावानी कुणी हाय का?’ मी शेळीचं पान काढून वाचून दाखवलं. तिनं कनवटीची नोट सोडली. तिच्याबरोबरच्या दोघींनीही घेतलं. त्यांच्यापुढं मला ना संपादक आठवला ना तोल.

म्हणून त्या पोराला मी जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवतो. कथा झाली की आधी ज्याच्यावर लिहिली त्याला वाचून दाखव. तो गप्प झाला तर थांब, त्याचं ऐक. शेवटचं पान फाडून बघ, कथा उभी राहते का. राहिली तर ते पान भाषणाचं होतं. पाटलाला नुसता मिशीवाला राक्षस करू नकोस. राक्षस एखाददुसरा असतो, त्याच्यापासून सुटका होते. नातवाला मांडीवर घेऊन मायेनं भरवणारा आणि त्याच हातानं आपली वस्ती पेटवणारा माणूस लिही, म्हणजे जात काय चीज आहे ते कळेल. आपल्या माणसाची चूक लपवू नकोस. त्याला हसू दे. बोली फक्त संवादापुरती ठेवून निवेदनात इस्त्रीचं मराठी घालू नकोस, नाहीतर तू आपल्याच आईच्या बोलण्याचा दुभाषी होशील. वहीची एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेव. घरं जळतात, हे आपल्याला माहीत आहे. पैसे देऊन छापायचंच तर दहा जणांनी मिळून छापा, दहा जणांनी मिळून विका, हिशेब सगळ्यांसमोर ठेवा. आणि कुणी छापलं तर करार वाच.

पोरगं ऐकून घेऊन गेलं. महिन्यानं एकच कथा घेऊन आलं. मरायला टेकलेली म्हातारीच होती. पण आता ती भाषण करत नव्हती. तिला फक्त चहा हवा होता, आणि सून शेजारी उसनी साखर मागायला गेली होती. पुढं काय झालं ते मी सांगत नाही. ती कथा छापून यायची आहे.

मावशी आता नाही. नामविस्तार झाला, १४ जानेवारी १९९४ ला, तेव्हा ती होती. त्या दिवशी मी तिला नवा फोटो नेऊन दिला. तिनं तो भिंतीवर टांगला, हात जोडले आणि दाराकडं बघत म्हणाली, ‘शेळी आत घे रं, थंडी हाय.’ मी शेळी आत घेतली.

जय भीम.